खैऱ्याच्या जिवाणूचा जीनोम कसा वाचायचा: पानावरच्या फोडापासून सार्वजनिक नोंदीपर्यंत

पावसाळ्यात कागदी लिंबाच्या बागेत खैऱ्या शोधावा लागत नाही. पानाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळी कडा, कोवळ्या फांद्यांवर खवले, आणि फळावर असे डाग की बाजारात तो माल वेगळ्या ढिगात जातो. हा रोग करणारा जिवाणू म्हणजे झँथोमोनास सिट्री. ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्यातल्या प्रयोगशाळांच्या जाळ्याने त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएची अक्षरमाला, २००२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच मंडळींनी २००० मध्ये संत्र्याच्याच दुसऱ्या एका रोगाचा जिवाणू, झायलेला फास्टिडिओसा, वाचून काढला होता. वनस्पतींना रोग करणाऱ्या जिवाणूंमध्ये पूर्ण जीनोम वाचला गेलेला तो पहिला. तेव्हा या कामाला अनेक प्रयोगशाळा जुंपाव्या लागल्या. आज लॅमिनार, इनक्युबेटर आणि पीसीआर मशीन असलेल्या कॉलेजात एमएस्सीचा एक विद्यार्थी सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेऊन हे काम पुरं करू शकतो. हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी.

नागपूरकडचे विद्यार्थी हमखास विचारतात की ग्रीनिंग या संत्र्याच्या दुसऱ्या जिवाणूजन्य रोगावर काम का नाही? संत्र्याला खरा घोर तर त्याचाच. कारण सरळ आहे. ग्रीनिंग करणारा लिबेरिबॅक्टर हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या माध्यमावर शुद्ध वाढवता येत नाही. रोगट पानाच्या मध्यशिरेतून डीएनए काढला तर त्यात बहुतेक वाटा झाडाचाच असतो. संत्र्याचा जीनोम साडेतीनशे दशलक्ष बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) पुढचा, तर जिवाणूचा जेमतेम १२ लाख ३० हजार बेसचा. त्याचा पहिला पूर्ण जीनोम २००९ मध्ये आला, तोही फ्लोरिडात सिट्रस सायला या किडीच्या एकाच किड्यातून काढलेल्या डीएनएची प्रयोगशाळेत वाढ करून. पहिल्याच प्रकल्पाला इतकी कसरत घेऊ नका. खैऱ्याचा जिवाणू प्लेटवर छान वाढतो. त्याच्यावर हात बसवा, मग सायल्याकडे वळा.

आधी प्रश्न, मग पैसे

"जीनोम काढायचाय" हा प्रश्न होत नाही. कशासाठी काढायचा, त्यावर सिक्वेन्सिंगचा प्रकार ठरतो, आणि इथेच नवखी मंडळी सर्वात जास्त पैसे वाया घालवतात.

तुमचा स्ट्रेन (वेगळा केलेला जिवाणूचा वाण) कुठल्या गटातला, त्याचे जवळचे नातेवाईक कोण, एवढंच हवं असेल तर १५० बेसचे छोटे रीड (यंत्राने एका वेळी वाचलेले डीएनएचे तुकडे), म्हणजे इल्युमिना पद्धत, पुरेसे आहेत. पण हा जिवाणू रोग कसा करतो यात रस असेल तर छोट्या रीडवर विसंबू नका. कारण तुम्हाला हवं असलेलं जनुकच त्यात विस्कटतं.

ते जनुक म्हणजे पीटीएच-ए. ब्राझीलच्या ३०६ या संदर्भ स्ट्रेनमध्ये सुमारे ५१ लाख ७५ हजार बेसचं एक गोल गुणसूत्र आहे आणि दोन प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरची छोटी डीएनए वर्तुळं), एक साधारण ३४ हजार बेसचं, दुसरं ६५ हजारांचं. पीटीएच-एच्या चारही प्रती या प्लाझ्मिडांवर बसलेल्या आहेत. त्यातली चौथी प्रत मुख्य गुन्हेगार. तिचं प्रथिन झाडाच्या पेशीकेंद्रात शिरतं, एलओबी-१ या झाडाच्या जनुकापुढच्या डीएनएवर जाऊन बसतं आणि ते जनुक चालू करतं. मग पेशी फुगतात, वाढतात आणि पानाची साल फाटून तो खरखरीत फोड वर येतो. ही प्रत मोडली तर जिवाणू पानात असूनही फोड उठत नाही.

आता अडचण बघा. या प्रथिनाचा मधला भाग ३४ अमिनो आम्लांच्या तुकड्याची पुनरावृत्ती आहे, म्हणजे डीएनएत १०२ बेसचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. चौथ्या प्रतीत असे साडेसतरा तुकडे आहेत. एकाच साच्यातून काढलेल्या विटांची रांग समजा, ज्यात प्रत्येक विटेवर फक्त बाराव्या-तेराव्या जागेची दोन अक्षरं वेगळी. ती दोन अक्षरंच ठरवतात की हे प्रथिन झाडाच्या डीएनएतल्या कोणत्या बेसवर बसणार. १५० बेसच्या रीडमध्ये मावतो जेमतेम दीड तुकडा. असेंब्ली करणारं, म्हणजे रीड जोडून जीनोम उभा करणारं, सॉफ्टवेअर चारही जनुकांचे तुकडे एकमेकांत मिसळतं, नाहीतर तिथेच सोडून देतं. हाती येतो शंभर-दोनशे काँटिगचा, म्हणजे सलग जोडल्या गेलेल्या तुकड्यांचा, संच, आणि पीटीएच-ए त्यात नेमकं कडेला तुटलेलं.

उलट चार-पाच हजार बेसचा एक रीड अख्ख्या जनुकावरून, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना धरून, पार जातो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. एकाच प्रकाराचे पैसे असतील तर नॅनोपोर किंवा पॅकबायो हायफाय ही लांब रीडची पद्धत घ्या. थोडे जास्त असतील तर नॅनोपोर आणि सोबत इल्युमिना. वीस स्ट्रेनचे तुटके जीनोम काढण्यापेक्षा पाच स्ट्रेनचे पूर्ण काढलेले बरे.

बागेत

झाडावरची ताजी लक्षणं निवडा. पिवळी कडा असलेला, काठाला पाणी भरल्यासारखा दिसणारा लहान फोड उत्तम. जुना, काळवंडलेला, मधून तडकलेला फोड घेतलात तर बुरशी आणि इतर जिवाणूच जास्त मिळतील. पाने पोखरणाऱ्या अळीच्या वेड्यावाकड्या रेषांवर उठलेले फोड भरपूर दिसतील, कारण तिने केलेल्या जखमांतून जिवाणू सहज आत शिरतो. पण वेगळे करायला स्वच्छ पानावरचा एकटा फोड सोपा जातो.

शेतकऱ्याला शेवटची फवारणी कोणती आणि केव्हा झाली ते विचाराच. कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन नुकतंच मारलं असेल तर प्लेटवर वाढ कमी येते. शिवाय पुढे ताम्ररोधक जनुकं सापडली तर ही माहिती सोन्यासारखी ठरते. तारीख, गाव, अक्षांश-रेखांश, जात, झाडाचं वय, बहार आणि फवारणी हे सगळं पाकिटावरच लिहा. मोबाईलमध्ये ठेवलेली नोंद दोन वर्षांनी सापडत नाही.

पानं टिपकागदात गुंडाळून कागदी पाकिटात आणि पाकीट बर्फाच्या डब्यात. ओली पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की दुसऱ्या दिवशी त्यांचा चिखल होतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि बागेतून निघताना हात धुवा. आपण नमुना घ्यायला जातो, रोग वाटायला नाही. उरलेली पानं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जाऊ देऊ नका.

प्लेटवर: सगळा खेळ इथे आहे

फोडाचा लहानसा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून कापा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कापलेल्या कडेतून दुधट धूर निघाल्यासारखा जिवाणूंचा लोट बाहेर पडताना दिसला तर पुढे जा. लोट नसेल तर दुसरा फोड घ्या. पाच मिनिटांची ही तपासणी आठवडा वाचवते.

पान एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवा आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. फोडाच्या काठाचा, निरोगी भागाला लागून असलेला तुकडा निर्जंतुक पाण्याच्या थेंबात चुरडा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, जिवाणूंना बाहेर यायला वेळ द्या. मग ग्लुकोज घातलेल्या न्यूट्रिएंट अगरवर रेघा ओढा आणि प्लेट २८ अंशांवर ठेवा. कासुगामायसिन आणि सेफालेक्सिन घातलेलं निवडक माध्यम जमलं तर आणखी चांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर पिवळ्या कॉलनी दिसल्या की नवखा माणूस हरखतो. हरखू नका. चोवीस तासांत टपोरी झालेली पिवळी कॉलनी बहुधा पॅन्टोईया असते. हा जिवाणू पानांच्या पृष्ठभागावर सगळीकडे असतो, रंग तसाच पिवळा, आणि वाढतो भरभर. खैऱ्याचा जिवाणू सावकाश येतो. दोन दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुगीर, चकचकीत, मधासारख्या चिकट फिकट पिवळ्या कॉलनी. म्हणून पहिल्या दिवशी उगवलेल्या कॉलनींच्या जागा प्लेटच्या पाठीवर मार्करने गोल करून ठेवा आणि नंतर आलेल्यांतूनच निवडा. लूपने उचलताना तार ओढली जाते, तेव्हा त्याचा चिकटपणा हाताला कळतो.

एका कॉलनीवरून पुन्हा रेघा, त्यातल्या एका कॉलनीवरून पुन्हा. किमान तीनदा. मग लगेच ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० अंशांवर ठेवा आणि डीएनएसाठीचं कल्चर याच स्टॉकमधून लावा. महिनोन्महिने प्लेटवरून प्लेटवर नेलेल्या कल्चरमध्ये प्लाझ्मिड गळण्याचा किंवा बदलण्याचा धोका असतो, आणि आपल्याला हवी ती जनुकं प्लाझ्मिडांवरच आहेत.

ओळख पटवायला जे-पीटीएच प्रायमरची जोडी वापरा. ती पीटीएच-ए जनुकातला १९८ बेसचा तुकडा वाढवते. सोबत जायरेज-बी जनुकाचा साधा सँगर सिक्वेन्स करून घ्या. आणि कागदी लिंबाच्या कुंडीतल्या रोपावर, बंदिस्त काचघरात, सुईविना सिरिंजने जिवाणूचं पातळ द्रावण कोवळ्या पण पूर्ण उमललेल्या पानात भरा. साधारण आठवडा-दहा दिवसांत फोड उठले पाहिजेत. शेजारच्या पानात नुसतं पाणी भरायला विसरू नका. या तीन गोष्टी जुळल्याशिवाय सिक्वेन्सिंगची ऑर्डर देऊ नका, गाइड कितीही घाई करोत.

डीएनए

या जिवाणूची कटकट त्याच्या चिकट शर्करेत आहे. झँथन गम म्हणून आइस्क्रीम आणि सॉसमध्ये घालतात ती शर्करा याच कुळातला एक भाऊ बनवतो. डीएनएसोबत ती आली की नळीत शेंबडासारखा गोळा तयार होतो, तो विरघळत नाही, आणि पुढची सगळी एन्झाइम अडतात. त्यामुळे कल्चर म्हातारं होऊ देऊ नका. २८ अंशांवर शेकरवर रात्रभर, फार तर दीड दिवस, आणि माध्यमात जादा साखर नको. पेशी खाली बसवल्यावर मिठाच्या द्रावणाने दोन-तीनदा धुवा. किटमध्ये पेशी कमीच घाला, जास्त घातल्या की कॉलम तुंबतो. सीटीएबी या डिटर्जंटची जुनी पद्धत इथे अजून उत्तम चालते, कारण ती शर्करा बाजूला काढते. आरएनेझ (आरएनए कापणारं एन्झाइम) विसरू नका.

लांब रीड हवे असतील तर डीएनए लांबच राहिला पाहिजे. व्होर्टेक्स वर्ज्य. टिपचं टोक कापून रुंद करा, सावकाश ओढा, आणि नळी बोटाने उलटसुलट करून मिसळा. सारखं गोठवणं-वितळवणं टाळा.

तपासणी तीन ठिकाणी. नॅनोड्रॉपवर २६०/२८० हे प्रमाण १.८ ते २.० च्या दरम्यान आणि २६०/२३० दोनच्या आसपास हवं. दुसरा आकडा कमी आला की शर्करा किंवा फिनॉल उरलंय. डीएनए किती आहे ते मात्र क्यूबिट या यंत्रावर मोजा, कारण नॅनोड्रॉप आरएनएही डीएनएत धरतो. दोन्ही आकड्यांत दुपटीचा फरक दिसला तर आरएनेझची पायरी परत करा. शेवटी ०.८ टक्के अगरोज जेलवर वरच्या बाजूला एकच घट्ट पट्टा दिसावा. खाली धुरकट शेपूट म्हणजे तुटलेला डीएनए.

ऑर्डर देताना

हिशोब स्वतः करा, कंपनीवर सोडू नका. जीनोम ५२ लाख बेसचा धरला तर शंभरपट वाचनाला, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी शंभरदा वाचायला, ५२ कोटी बेस लागतात, म्हणजे जेमतेम अर्धा गिगाबेस. १५० बेसच्या जोड्यांत हे साधारण साडेसतरा लाख जोड्या. पाच गिगाबेसचं पॅकेज गळ्यात मारलं जात असेल तर त्याच पैशात आणखी स्ट्रेन बसतील का, ते विचारा. नॅनोपोरला साठपट भरपूर झालं.

नॅनोपोर घेताना फ्लो सेल आर१०.४.१ आहे ना आणि बेसकॉलिंग (यंत्राच्या सिग्नलवरून अक्षरं काढणं) सर्वात अचूक मॉडेलने करून देणार ना, हे लेखी घ्या. आणि रीडच्या कच्च्या फाइली मागाच. काही ठिकाणी नुसती असेंब्ली आणि रंगीत पीडीएफ रिपोर्ट हातात ठेवतात. त्या रिपोर्टवर प्रबंध उभा राहत नाही.

संगणकावर

सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप आणि उबुंटू पुरतं. विंडोज असेल तर त्यातच लिनक्स चालवता येतं. कमांडची धास्ती असेल तर गॅलेक्सी या मोफत वेब सेवेवर बटणं दाबून बहुतेक पायऱ्या होतात. सुरुवात तिथे करायला काही हरकत नाही.

क्रम असा: छोटे रीड फास्टपीने साफ करा, लांब रीडमधून फिल्टलाँगने आखूड आणि खराब वगळा. मग फ्लायने असेंब्ली, मेडाकाने दुरुस्ती, आणि इल्युमिना असेल तर पॉलिपॉलिशने आणखी एक फेरी.

असेंब्ली आली की भाष्याकडे, म्हणजे जनुकांना नावं लावण्याकडे, धावण्याआधी तीन आकडे बघा. एकूण लांबी ५० ते ५५ लाखांच्या आसपास आहे का? जीसी, म्हणजे जी आणि सी या अक्षरांचा वाटा, ६४-६५ टक्के आहे का? मोठा काँटिग गोल बंद झालाय का? जीसी ५५ टक्के आणि लांबी ४८ लाखांच्या घरात आली तर अभिनंदन, तुम्ही पॅन्टोईयाचा जीनोम काढलात. लांबी ९०-१०० लाखांवर गेली तर कल्चर मिश्र आहे. हे संगणकावर सुटणार नाही, प्लेटकडे परत जा. चेकएम चालवून पूर्णता आणि भेसळ टक्क्यांत काढा.

प्लाझ्मिडांची संख्या ३०६शी जुळली नाही तर घाबरू नका, स्ट्रेननुसार ती बदलते. मोठं जादा प्लाझ्मिड दिसलं तर त्यावर ताम्ररोधक जनुकं आहेत का, ते आवर्जून बघा. अर्जेंटिना आणि रियुनियन बेटावर ताम्ररोधक खैऱ्या अशा प्लाझ्मिडांसकट सापडलेला आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं तांब्याच्याच फवारण्या चालतात, त्यामुळे हा शोध फुकट जाणारा नाही.

जनुकांची नावं लावायला बाक्टा चालवा. पण पीटीएच-एच्या बाबतीत या स्वयंचलित नावांवर विश्वास ठेवू नका. पुनरावृत्तीमुळे ते जनुक कधी दोन तुकड्यांत दाखवलं जातं, कधी निकामी म्हणून नोंदतं. त्यासाठी अ‍ॅनोटेल हे खास साधन आहे. ते प्रत्येक पुनरावृत्तीतली बारावी-तेरावी जोडी क्रमाने काढून देतं. एचडी म्हणजे सी, एनआय म्हणजे ए, एनजी म्हणजे टी, अशी ती अक्षरं झाडाच्या डीएनएशी जुळवता येतात. साडेसतरा तुकड्यांची प्रत सापडली का, तिचा क्रम ३०६च्या चौथ्या प्रतीशी जुळतो का, हे कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा.

इथे एक सावधगिरी. छोट्या रीडने केलेली दुरुस्ती या भागात कधीकधी उलटी पडते. चार जवळपास सारख्या प्रती असल्याने एकीचे रीड दुसरीवर बसतात आणि बरोबर असलेलं अक्षर चुकीचं होतं. म्हणून दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची असेंब्ली दोन्ही जपून ठेवा आणि पीटीएच-एचा क्रम दोन्हीत तपासा. फरक आला तर आयजीव्ही या रीड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लांब रीड उघडून डोळ्यांनी निर्णय करा.

नाव देताना

सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे एएनआय, ९५-९६ टक्क्यांच्या वर आलं की प्रजात एक मानतात. ३०६शी तुलना करून ९९ आलं की काम झालं असं वाटतं. पण डाळिंबावरचा तेल्या आणि कपाशीवरचा जिवाणूजन्य करपा करणारे जिवाणूही याच झँथोमोनास सिट्री प्रजातीतले आहेत, यजमान पीक तेवढं वेगळं. म्हणजे नुसता ९५चा उंबरठा ओलांडल्याने खैऱ्या सिद्ध होत नाही. सार्वजनिक साठ्यातून लिंबू, डाळिंब, कपाशी आणि आंबा या चारही पिकांवरचे जीनोम उतरवून घ्या, एका-एका अक्षराच्या फरकांवरून वंशवृक्ष काढा आणि तुमचा स्ट्रेन कुठल्या फांदीवर बसतो ते बघा.

लिंबूवर्गाच्या फांदीतही पोटभेद आहेत. ए प्रकार संत्र्यापासून ग्रेपफ्रूटपर्यंत सगळ्यांना पकडतो. ए-स्टार आणि ए-डब्ल्यू हे मुख्यतः कागदी लिंबापुरते राहतात. ए-डब्ल्यूमध्ये एक्सओपी-एजी नावाचं जनुक आहे. ते ओळखून ग्रेपफ्रूट स्वतःच्या पेशी मारतो आणि रोग तिथेच थांबवतो. तुमचा नमुना कागदी लिंबावरचा असेल तर तो ए असेलच असं गृहीत धरू नका. हे जनुक शोधणं दोन मिनिटांचं काम आहे.

जमा करणं

जीनोम एनसीबीआयच्या जेनबँकेत किंवा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करता येतो. दुसरं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं. आधी प्रकल्पाची नोंद, मग नमुन्याची, मग कच्चे रीड, शेवटी असेंब्ली. नमुन्याच्या नोंदीत यजमान, ठिकाण आणि तारीख भरताना बागेतलं ते पाकीट समोर ठेवा. "भारत" एवढंच लिहिलेल्या नोंदी साठ्यात ढिगाने पडल्या आहेत, आणि त्यांचा साथीच्या अभ्यासाला काडीचा उपयोग नाही. शेतकऱ्याचं नाव किंवा गट नंबर मात्र टाकू नका, तालुका पुरे.

जिवंत कल्चर पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्समध्ये किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहात ठेवायला द्या. परदेशी सहकाऱ्याला स्ट्रेन पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार परवानगीचा प्रश्न येतो. कुरिअर बुक करण्याआधी विद्यापीठातल्या संबंधित विभागाला गाठा.

कच्चे रीड असेंब्लीसोबत जमा करायचेच, विशेषतः लांब रीड. पीटीएच-एचा तुमचा क्रम कोणाला शंकास्पद वाटला तर त्याला तो पुन्हा जोडून बघता यायला हवा. आणि ग्लिसरॉलच्या नळीवर, नमुन्याच्या नोंदीत, जेनबँकेत आणि प्रबंधात स्ट्रेनचं नाव अक्षरशः एकच असू द्या, मधली डॅशसुद्धा तीच.